सहा व्हर्च्युअल मशीनसाठी एकच बॅकअप जॉब असावा की वेगवेगळे?

प्रश्न (लातूर)

नमस्कार. लातूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका डाळमिलचे संगणकाचे काम मी चार वर्षांपासून पाहतो. आमच्याकडे प्रॉक्समॉक्सचा (एकाच संगणकावर अनेक आभासी संगणक चालवणारी प्रणाली) एकच सर्व्हर असून त्यावर असे सहा आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालतात: टॅलीचे विंडोज मशीन, वजनकाट्याचा डेटाबेस, मोंढ्यातील आडत दुकानाची कागदपत्रे ठेवणारा फाइल सर्व्हर, हजेरी, कॅमेऱ्यांचे चित्रण आणि चाचणीसाठी ठेवलेले एक मशीन. जसजशी मशीन वाढत गेली तसतसा मी प्रत्येकाचा स्वतंत्र जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारे बॅकअपचे काम) तयार केला आणि सगळ्यांच्या वेळा रात्री १२ ते १ च्या दरम्यान ठेवल्या. बॅकअप त्याच खोलीतील नासवर (नेटवर्कला जोडलेली साठवणुकीची पेटी) एक गिगाबिटच्या जोडणीने जातो. एकूण माहिती १.६ टेराबाइट आहे आणि त्यातील जवळपास १ टेराबाइट एकट्या कॅमेऱ्यांची आहे.

अडचण अशी की, आठवड्यातून दोन-तीनदा शेवटचे एक-दोन जॉब लॉक न मिळाल्याचा संदेश देऊन अपयशी ठरतात, आणि त्यात नेमके टॅली असते, कारण त्याची वेळ सर्वांत शेवटची आहे. रात्री वीज गेली आणि यूपीएसही संपला, तर त्या दिवशीचा बॅकअप होतच नाही. सहाही जॉब मोडून एकच करावा का? आणि जुन्या प्रती किती ठेवाव्यात?

उत्तर १ (जालना)

आधी लॉकविषयी लिहितो, कारण मूळ दुखणे तिथे आहे. प्रॉक्समॉक्समध्ये एका सर्व्हरवर एका वेळी एकच बॅकअप जॉब चालतो. दुसरा सुरू झाला तर तो पहिला संपण्याची वाट पाहतो, आणि ही वाट पाहण्याची मर्यादा मुळात १८० मिनिटांची असते. १ टेराबाइट माहिती गिगाबिटच्या जोडणीवरून सेकंदाला ११० मेगाबाइटच्या वेगाने गेली तरी अडीच तास लागतात, आणि फिरत्या डिस्कवर प्रत्यक्षात त्याहून अधिक. आपले कॅमेऱ्यांचे मशीन १२ वाजता सुरू होत असेल, तर मागचे जॉब रांगेतच तिष्ठत राहतात आणि शेवटचा मुदत संपून गळतो. मर्यादा वाढवून हे सुटणार नाही. काम सकाळच्या पाळीत ढकलले जाईल, एवढेच.

त्यामुळे जॉब एक की सहा, हा प्रश्न बाजूला ठेवून प्रत्येक मशीनची किती तासांची नोंद गेली तर गिरणीचे काम अडेल, हे मालकांना आणि मुनीमजींना विचारावे, असे मी सुचवेन. वजनकाट्याची दिवसभराची नोंद गेली तर शेतकऱ्याला पट्टी कशाच्या आधारावर द्यायची? कॅमेऱ्यांचे महिन्यापूर्वीचे चित्रण मात्र सहसा कोणी मागत नाही. या उत्तरांवरून दोन पूल (प्रॉक्समॉक्समधील मशीनचे गट) करावेत. टॅली, काटा आणि फाइल सर्व्हर पहिल्या पुलात घालून त्यांचा एकच जॉब रोज रात्री ११ वाजता लावावा. एका जॉबमधील मशीन आपोआप एकामागून एक घेतली जातात, त्यामुळे आपसात टक्कर होत नाही. हजेरी आणि कॅमेरे दुसऱ्या पुलात घालून तो जॉब आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी चालवावा. त्यातही चित्रणाच्या डिस्कवरची बॅकअपची खूण (ती डिस्क बॅकअपमध्ये घ्यावी असे सांगणारी) काढून केवळ प्रणालीची डिस्क घ्यावी. चाचणीचे मशीन सोडून दिले तरी चालेल.

जॉबमध्ये मशीनची नावे टिपण्याऐवजी पूल निवडला, की उद्या त्यात आलेले नवे मशीन आपोआप बॅकअपमध्ये येते. नावांच्या यादीत ते राहून जाते आणि डिस्क बिघडेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

काट्यासाठी रोजची एक प्रत पुरणार नाही. नासवर प्रत्येक वेळी मशीनची पूर्ण प्रत जाते, म्हणून ती दिवसातून चारदा घेणे परवडत नाही. त्याऐवजी डेटाबेसचा डंप (नोंदींची फाइलमध्ये काढलेली प्रत) दर तासाला फाइल सर्व्हरवर टाकावा.

उत्तर २ (नांदेड)

मी हिशेबाच्या बाजूने लिहितो. आपली गिरणी कंपनी म्हणून नोंदलेली असेल, तर कंपनी (लेखे) नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातील सर्व्हरवर ठेवणे बंधनकारक आहे. पूर्वी तो ठरावीक काळाने ठेवला तरी चालत असे. भागीदारी संस्थेला हा नियम लागू नाही. वस्तू व सेवा कराचे दप्तर मात्र दोघांनाही त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागते. म्हणजे २०२४-२५ या वर्षाचे दप्तर, विवरणपत्राची तारीख ३१ डिसेंबर २०२५ धरल्यास, ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत.

इतकी वर्षे पूर्ण मशीनच्या प्रती साठवू नयेत, असे मला वाटते. वर्ष बंद झाल्यावर टॅलीतील बॅकअपच्या सोयीने कंपनीची माहिती वेगळी काढून दोन ठिकाणी ठेवावी. तीच प्रत दररोज संध्याकाळी, सगळे टॅलीतून बाहेर पडल्यावर, घेण्याची सवयही लावावी, कारण चालू मशीनची प्रत घेताना एखादी नोंद अर्धवट लिहिलेली असू शकते.

उत्तर ३ (छत्रपती संभाजीनगर)

वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे. अर्धवट नोंदीचा धोका कमी करण्यासाठी प्रत्येक मशीनमध्ये क्यूईएमयू गेस्ट एजंट (सर्व्हरशी बोलणारा छोटा प्रोग्राम) बसवावा, म्हणजे प्रतीच्या क्षणी फाइल प्रणाली थोडा वेळ थांबवली जाते. विजेसाठी जॉबच्या प्रगत पर्यायांत हुकलेला जॉब सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर चालवण्याची सोय आहे. ती मुळात बंद असते. परंतु सकाळी ९ वाजता वीज आली तर त्याच वेळी बॅकअप सुरू होऊन काटा मंदावेल, हे लक्षात घेऊन वेगाची मर्यादाही घालावी.

प्रतींचा हिशेब मी रोजच्या ७, आठवड्याच्या ४ आणि महिन्याच्या ६ असा ठेवतो. पूर्ण प्रतींसाठी नास अपुरा पडत असल्यास जुन्या संगणकावर प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर उभारावा. तो बदललेले तुकडेच पाठवून घेतो आणि सारखे तुकडे एकदाच साठवतो.

मला अधिक काळजी नासच्या जागेची वाटते. सर्व्हर आणि नास एकाच खोलीत असतील, तर आग, चोरी किंवा वीज पडणे यांतून दोन्ही एकदमच जातील. दर शनिवारी एक डिस्क भरून गोदामावर किंवा मालकांच्या घरी न्यावी, आणि दुसरी परत आणावी. प्रती कूटबद्ध केल्यास किल्ली कागदावर छापून त्याच घरी ठेवावी. ती सर्व्हरवरच राहिली तर प्रत असून उघडणार नाही.

शेवटी, आपण एकदा तरी प्रत परत उभी करून पाहिली आहे का? नव्या मशीन-क्रमांकाने, नेटवर्क तोडून उभी करावी, म्हणजे चालू मशीनशी पत्त्याचा संघर्ष होणार नाही.

प्रश्नकर्ता (लातूर)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. रविवारी टॅलीची प्रत वेगळ्या क्रमांकाने उभी केली. विंडोज व्यवस्थित सुरू झाले, परंतु टॅलीला कंपनीची माहितीच सापडेना. शोधल्यावर कळले की, दिवाळीत जागा कमी पडली म्हणून पुरवठादाराने जोडून दिलेल्या दुसऱ्या डिस्कवर माहिती हलवली होती, आणि त्या डिस्कवर बॅकअपची खूण नव्हती. म्हणजे दिवाळीपासून ज्या रात्री जॉब यशस्वी दाखवत होता, त्या रात्रीही हिशेब प्रतीत नव्हता.

खूण घातली आहे. काल रात्री ११ च्या जॉबमध्ये दोन्ही डिस्क आल्या, तिन्ही मशीन मिळून दोन तासांत संपली, आणि आज सकाळी मुनीमजींनी पुन्हा उभ्या केलेल्या प्रतीत कालच्या पावत्या स्वतः उघडून पाहिल्या. गोदामावर न्यायची डिस्क या शनिवारी आणतो.