ग्लॅडिएटरची प्रत्येक लढत मरणावरच संपायची का?

प्रश्न
सिनेमात रोमन आखाड्यात हरलेल्या ग्लॅडिएटरला तिथल्या तिथे मारून टाकतात. पण महिनोन्‌महिने खाऊ घालून, शिकवून तयार केलेला माणूस असा गमावणं परवडायचं कसं? पुरावे काय सांगतात?

प्रतिसाद 1
परवडत नव्हतंच. दुसऱ्या शतकातला रोमन कायदेपंडित गायस याने ग्लॅडिएटर पुरवण्याच्या कराराचा नमुना दिला आहे: ग्लॅडिएटर धडधाकट परतला तर माणशी 20 दिनार, मेला किंवा निकामी झाला तर 1000. पहिलं भाडं, दुसरी विक्री. खेळ भरवणारा 'मारा' म्हणाला की खर्च पन्नासपट!

सिसिलीत सापडलेला फ्लामा नावाच्या ग्लॅडिएटरचा मृत्युलेख बघा. 34 लढती, 21 विजय, 9 बरोबरीत, आणि 4 वेळा हरूनही जीवदान. वय 30. दगड बसवला तो त्याच्याच एका साथीदाराने.

प्रतिसाद 2
हाडंही हेच सांगतात. तुर्कस्तानातल्या एफेसस इथे 1993 मध्ये ग्लॅडिएटरांचं दफनस्थान सापडलं. भरून आलेल्या जखमा तिथे बऱ्याच आहेत, म्हणजे उपचार चांगले होत. शेजारच्या पर्गामममध्ये इ.स. 157 पासून खुद्द गॅलेन हा वैद्य त्यांच्यासाठी नेमलेला होता. आहार मुख्यतः सातू आणि शेंगांचे दाणे. हाडांत स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याचं प्रमाण जास्त आढळलं. त्यावरून राख घातलेलं पेय ते पीत असावेत, असा संशोधकांचा अंदाज आहे. तशा पेयाचा उल्लेख रोमन लेखक प्लिनीनेही केला आहे.

काही कवट्यांवर मात्र हातोड्याच्या घावाचं चौकोनी भोक आहे. हा लढतीतला वार वाटत नाही. मरणासन्न माणसाला संपवण्याचा आहे.

प्रश्नकर्ता
फ्लामा सेक्यूटर (ढाल-तलवारवाला ग्लॅडिएटर) होता ना? त्याचं शिरस्त्राण इतकं बंदिस्त का?

प्रतिसाद 2
हो. त्याचा प्रतिस्पर्धी जाळं आणि त्रिशूळवाला रेटियारियस. जाळं अडकू नये म्हणून शिरस्त्राण गुळगुळीत, आणि त्रिशूळाचे दात आत शिरू नयेत म्हणून डोळ्यांपुरती दोनच बारीक भोकं. पण त्यामुळे बाजूचं दिसत नाही आणि श्वास कोंडतो. उघड्या डोक्याचा, हलका रेटियारियस त्याला मुद्दाम पळवून दमवत राहतो. सेक्यूटरला लढत लवकर उरकावी लागते; लांबली की पारडं फिरलंच.

प्रतिसाद 3
एक भर घालतो. ज्यांना जीवदानाची आशाच नव्हती ते वेगळे: देहदंडाचे कैदी. त्यांना दुपारी, ढाल-शिरस्त्राणाशिवाय एकमेकांवर सोडत. रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने ते वर्णन संतापून लिहिलं आहे. प्रशिक्षित जोड्यांना मात्र लांब काठी घेतलेला पंच असे. तरी घात व्हायचाच. काळ्या समुद्राकाठच्या अमिसोसमधला डायोडोरस या ग्लॅडिएटरचा मृत्युलेख म्हणतो की डेमेट्रियसला पाडल्यावर त्याने लगेच मारलं नाही, आणि मग दैवाने व मुख्य पंचाच्या कपटाने त्याचाच जीव घेतला. पाडलेल्या डेमेट्रियसला पंचाने पुन्हा उभं राहू दिलं असावं, असा याचा अर्थ लावतात. मला तो पटतो.