फ्लू गेला होता कुठे आणि आता आलाय हे कळतं कसं?

विषय: घरची टेस्ट निगेटिव्ह, मग हे आहे काय?
प्रेषक: नाटक समिती
महिना: नोव्हेंबर २०२२

नमस्कार मंडळी,
तालमीला येणाऱ्यांपैकी निम्मे लोक आडवे झालेत. ताप, अंगदुखी, कोरडा खोकला, आणि कोविडची घरची टेस्ट मात्र सगळ्यांचीच निगेटिव्ह, त्यामुळे ग्रुपवर जो तो डॉक्टर झालाय, कुणी म्हणतं फ्लू, कुणी म्हणतं किटच जुनी. फ्लू परत आलाय असं बातम्यांत सांगतायत, पण हे कोण मोजतं आणि कसं? ज्याला खरंच माहिती आहे त्याने लिहा, फॉरवर्ड नकोत प्लीज.

विषय: रि: घरची टेस्ट निगेटिव्ह, मग हे आहे काय?
प्रेषक: काका (हो, तोच)

मी हे तेव्हाच म्हणत होतो आणि तुम्ही सगळ्यांनी मला वेड्यात काढलंत. २०२०-२१ च्या हिवाळ्यात फ्लू एकदम नाहीसा, आणि नेमके तेव्हाच कोविडचे आकडे गगनाला भिडलेले, हा काय योगायोग? फ्लूच्याच पेशंटवर कोविडचा शिक्का मारला असणार, पाणी कुठेतरी मुरतंय. आणि मास्कमुळे फ्लू गेला म्हणता, तर मग त्याच मास्कने कोविड का नाही गेला? सरळ उत्तर द्या, लिंका नकोत.

विषय: रि: रि: घरची टेस्ट निगेटिव्ह, मग हे आहे काय?
प्रेषक: लॅबवाली ताई

काका, दुसरा प्रश्न फारच चांगला आहे, त्याच्यावर येते, पण आधी पहिला.

शिक्का मारायचा म्हटला तरी मारता येत नाही हो, कारण पीसीआर विषाणूचे स्वतःचे जनुक शोधते, फ्लूच्या नमुन्यात कोविडचे जनुक सापडायचे कुठून? आमच्याकडे स्वॅब येतो, त्यातलं थोडं पाणी कार्ट्रिजमध्ये टाकायचं, मशीनमध्ये सरकवायचं, आणि त्याच एका स्वॅबवर कोविड, फ्लूचे दोन प्रकार म्हणजे फ्लू ए आणि फ्लू बी, आणि आरएसव्ही (हाही श्वसनमार्गाचाच एक विषाणू) अशा चार वेगवेगळ्या रेषा स्क्रीनवर उमटतात. जो विषाणू असेल त्याची रेषा विसाव्या-तिसाव्या सायकलच्या (म्हणजे जनुकाच्या प्रती दुप्पट करण्याच्या फेरीच्या) सुमाराला वर चढते, बाकीच्या जमिनीला चिकटून बसतात. अमेरिकेच्या सीडीसीने (तिथली सरकारी रोगनियंत्रण संस्था) तर फ्लू आणि कोविड एकत्र शोधणारी स्वतःची टेस्ट जुलै २०२० मध्येच आणली होती. त्या हिवाळ्यात म्हणजे सप्टेंबर २०२० अखेरपासून मे २०२१ पर्यंत तिथल्या लॅब्सनी ८,१८,९३९ नमुने फ्लूसाठी तपासले, त्यातले पॉझिटिव्ह निघाले १,६७५. म्हणजे ०.२ टक्के. एरवी ऐन सीझनमध्ये हाच आकडा २५-३० टक्क्यांवर जातो. तेव्हा शोधलं नाही म्हणून सापडला नाही असं म्हणायची सोय नाही.

आणि मशीन बिघडलं होतं म्हणाल तर साध्या सर्दीचे रायनोव्हायरस त्या सगळ्या काळात आरामात सापडत होते. त्यांना चरबीचं वेष्टण नसतं, सॅनिटायझरला ते फारशी भीक घालत नाहीत.

आता मास्कचं. नुसते मास्क नव्हे, शाळा बंद, विमानं बंद, लोक घरात, हे सगळं मिळून धरा. साधारण सीझनमध्ये फ्लूचे १० पेशंट पुढे १३ जणांना देतात. कोविडचा सुरुवातीचा विषाणू १० जणांकडून २५ जणांकडे जायचा. समजा आपण भेटीगाठी पाव हिश्श्याने कमी केल्या. फ्लूचे १३ होते ते पावणेदहा झाले, म्हणजे दर फेरीला कमी कमी होत साखळी आपोआप विझली. कोविडचे २५ होते ते १९ झाले, म्हणजे वाढ चालूच. उपाय तेच, एक मेला आणि दुसरा नुसता मंदावला. दक्षिण गोलार्धात हे आपल्याआधीच दिसलं होतं. ऑस्ट्रेलिया, चिली आणि दक्षिण आफ्रिका मिळून एप्रिल ते जुलै २०२० मध्ये ८३,३०७ नमुने तपासले गेले आणि फ्लू निघाला फक्त ५१ मध्ये, त्याआधीच्या तीन वर्षांत त्याच महिन्यांचं प्रमाण १३.७ टक्के होतं.

नाटक समिती, तुमच्या मंडळींबद्दल एवढंच, घरची टेस्ट कोविडची आहे, ती फ्लूबद्दल काहीच सांगत नाही. साठीच्या पुढचे, गरोदर बायका, दमेकरी यांनी ताप आला की वाट न बघता डॉक्टरांना फोन करावा, फ्लूची गोळी पहिल्या ४८ तासांत सुरू केली तर तिचा खरा फायदा. ताप असलेल्याने तालमीला यायचं नाही, मग विषाणू कुठलाही असो.

विषय: रि: रि: रि: घरची टेस्ट निगेटिव्ह, मग हे आहे काय?
प्रेषक: खजिनदार

ताई, मस्त लिहिलंयस. मला आकडे बघायची खोड आहे हे तुला माहितीच आहे, तर नेमकं बघायचं काय ते सांग, कारण एका साइटवर फ्लूसदृश आजाराचा आलेख आहे, दुसरीकडे केसेस आहेत, तिसरीकडे टक्केवारी, आणि तिन्ही वेगळंच सांगतात.

विषय: रि: रि: रि: रि: घरची टेस्ट निगेटिव्ह, मग हे आहे काय?
प्रेषक: लॅबवाली ताई

दादा, फ्लूसदृश आजार म्हणजे ताप आणि सोबत खोकला किंवा घसादुखी, ठरलेले दवाखाने अशा पेशंटची दर आठवड्याला नोंद देतात. कोविडच्या आधी हा आलेख वर गेला की फ्लू आला असं डोळे मिटून म्हणता यायचं. पण आता कोविडवालेही ताप-खोकला घेऊनच येतात, आरएसव्हीवालेही, त्यामुळे तो आलेख "लोक आजारी आहेत" एवढंच सांगतो. केसेसचा आकडा किती टेस्ट झाल्या त्यावर नाचतो. म्हणून मी आधी टक्का बघते, तपासलेल्या शंभरात फ्लू किती. युरोपमध्ये ठरलेल्या दवाखान्यांच्या नमुन्यांत १० टक्के ओलांडले की फ्लूची साथ सुरू झाली असं धरतात. तो टक्का दोन-तीन आठवडे सलग चढतोय का, आणि मागोमाग हॉस्पिटलमधल्या भरती वाढतायत का, हे दोन्ही जुळलं की मग शंका नाही.

आणि जुनं कॅलेंडर सध्या बाजूला ठेव. ऑस्ट्रेलियात २०१९ मध्ये फ्लूच्या तीन लाखांच्या वर नोंदी होत्या, २०२१ च्या अख्ख्या वर्षात हजारसुद्धा नाहीत, आणि यंदा सीमा उघडल्यावर दोन लाखांच्या वर, तेही लवकर येऊन जूनमध्येच शिखर गाठून. अमेरिकेत मागच्या हिवाळ्यात त्याहून विचित्र झालं, डिसेंबरमध्ये एच३एन२ (फ्लू ए चा एक उपप्रकार) चढला, ओमिक्रॉन आल्यावर जानेवारीत बसला, आणि मार्चपासून पुन्हा उठून उन्हाळ्यापर्यंत रेंगाळला. ओमिक्रॉनने त्याला अडवलं की लोक परत घरात बसले म्हणून अडला, यावर तज्ज्ञांचंही एकमत नाही, मला स्वतःला दुसरं जास्त पटतं. दोन वर्षं फ्लू न झालेली लहान मुलं आता एकदम शाळेत आहेत हेही धरा.

विषय: रि: रि: रि: रि: रि: घरची टेस्ट निगेटिव्ह, मग हे आहे काय?
प्रेषक: काका

१३ चे पावणेदहा हे पटलं, शाळेतला गुणाकार आहे. पण तुझ्या टक्क्यात मेख आहे. जो फार आजारी तोच हॉस्पिटलला जाणार, त्याचीच टेस्ट होणार, म्हणजे टक्का फुगलेलाच येणार की नाही? आणि घरी काढा पिऊन बरा झाला तो कुठे मोजला?

विषय: रि: रि: रि: रि: रि: रि: घरची टेस्ट निगेटिव्ह, मग हे आहे काय?
प्रेषक: लॅबवाली ताई

कुठेच नाही काका, तो मोजला जातच नाही. म्हणून त्या टक्क्यावरून गावात किती जणांना फ्लू झाला ते काढायचं नसतं, आणि एका देशाचा टक्का दुसऱ्याशी लावायचाही नसतो. त्याच लॅब्सचा मागचा आठवडा आणि हा आठवडा, एवढीच तुलना. कोविडच्या दोन वर्षांत तीही बिघडली, कारण शिंक आली की टेस्ट, प्रवासाआधी टेस्ट, आणि त्याच स्वॅबवर फ्लूही तपासला जायचा, भाजक फुगला की टक्का उतरतो. म्हणून कागदावर मी टक्क्याशेजारी एकूण नमुनेही लिहून ठेवते. गटारातल्या पाण्यातही आता फ्लू ए शोधायला लागलेत, त्यात काढा पिणारेही येतात, पण ते काम अजून नवीन आहे.

पॉझिटिव्ह निघालेल्यांतले काही नमुने पुढे जातात, कुठला प्रकार, लसीशी जुळतो का हे बघायला. जागतिक आरोग्य संघटनेचं हे जाळं १९५२ पासून चालू आहे, वर्षातून दोनदा त्यावरूनच लस ठरते. २०२१ मध्ये बघायला विषाणूच इतके कमी होते की लस ठरवणाऱ्यांची पंचाईत झाली.

विषय: रि: रि: रि: रि: रि: रि: रि: घरची टेस्ट निगेटिव्ह, मग हे आहे काय?
प्रेषक: खजिनदार

मग या सगळ्यात एखादा प्रकार कायमचा संपला असेल का?

विषय: रि: रि: रि: रि: रि: रि: रि: रि: घरची टेस्ट निगेटिव्ह, मग हे आहे काय?
प्रेषक: लॅबवाली ताई

फ्लू बी मधला यामागाता नावाचा उपप्रकार बहुतेक. मार्च २०२० नंतर त्याची जगात कुठेही पक्की नोंद नाही. अधूनमधून एखादी लॅब सापडला म्हणून कळवते, पण नीट तपासलं की बऱ्याचदा निघतं की त्या मुलाला नुकतीच नाकात फवारायची लस दिली होती, तिच्यात जिवंत यामागाता होता, तोच स्वॅबवर आलेला. म्हणून बी पॉझिटिव्ह आला की आम्ही आधी लसीची तारीख विचारतो.