जीमेल खाते थंडरबर्डमध्ये जोडताना पासवर्ड नाकारला जातो, आणि जुने टपाल संगणकावर उतरवण्याविषयी

खानापूर तालुका

नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयाचा सर्व पत्रव्यवहार एका जीमेल खात्यावरून चालतो. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट आणि इंटरनेट दोन्हींचा भरवसा नसतो, म्हणून नेट नसतानाही जुनी पत्रे उघडता यावीत यासाठी कार्यालयातील संगणकावर थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्रॅम बसवला आहे. खाते जोडताना पत्ता आणि पासवर्ड अचूक देऊनही पासवर्ड चुकीचा असल्याचा संदेश येतो. तोच पासवर्ड ब्राउझरमध्ये मात्र बिनतक्रार चालतो. आमचे सचिव हेच खाते मोबाईलवरही पाहतात, तेव्हा टपाल आणण्याच्या दोन पद्धतींपैकी आयमॅप घ्यावे की पॉप, हेही कळवावे. शिवाय खात्याची १५ जीबी जागा भरत आल्याची सूचना येत असल्यामुळे जुने टपाल संगणकावर उतरवून सर्व्हरवरून काढून टाकण्याचा विचार आहे.

टिळकवाडी, बेळगाव

आपला पासवर्ड बरोबरच असणार. नुसते नाव आणि पासवर्ड घेऊन बाहेरच्या प्रोग्रॅमला आत सोडण्याची पद्धत गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी बंद करायला घेतली. आता प्रोग्रॅमने गूगलची स्वतःची लॉगिन खिडकी उघडायची, आपण परवानगी द्यायची आणि गूगलने त्या प्रोग्रॅमला वेगळी किल्ली द्यायची, असा व्यवहार आहे. त्याला ओ-ऑथ २ म्हणतात. अकाउंट सेटिंग्जमध्ये सर्व्हर सेटिंग्ज उघडून ‘ऑथेंटिकेशन मेथड’ या जागी ‘नॉर्मल पासवर्ड’ असेल तर तिथे ‘ओ-ऑथ २’ निवडा. जाणाऱ्या टपालाच्या सर्व्हरलाही हाच बदल वेगळा करावा लागतो. तो राहून गेला तर टपाल येते पण जात नाही, आणि माणूस भलतीकडेच दोष शोधत बसतो. येणाऱ्या टपालासाठी पोर्ट ९९३ आणि एसएसएल (सुरक्षित जोडणीचा प्रकार), जाणाऱ्यासाठी ४६५ आणि एसएसएल किंवा ५८७ आणि स्टार्ट-टीएलएस हे आकडे एकदा ताडून पाहा. दोन्हीकडे यूजरनेम म्हणून संपूर्ण ईमेल पत्ता हवा.

ओ-ऑथ न कळणारा एखादा जुना प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनी खात्याचे टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून १६ अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड तयार करावा. थंडरबर्डला त्याची गरज नाही.

दोन ठिकाणी पाहिले जाणारे खाते असेल तर आयमॅपच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. सचिवांनी मोबाईलवर वाचलेले पत्र आपल्याकडेही वाचलेले दिसेल, आणि आपण पाठवलेले उत्तर त्यांनाही दिसेल.

निपाणी

वरील मताशी मी पूर्ण सहमत नाही. आमच्या दुकानाच्या हिशेबाचे टपाल एकाच संगणकावर येते आणि तिथे पॉप उत्तम चालते. सर्व्हरवर प्रत ठेवण्याच्या पर्यायावर खूण तेवढी असावी. पॉपने उतरलेले पत्र आपल्या डिस्कवर राहते. तिकडे कोणी चुकून पुसले तरी आपली प्रत जात नाही.

टिळकवाडी, बेळगाव

एका संगणकापुरते आपले म्हणणे बरोबर आहे. इथे मात्र सचिवांचा मोबाईल आहे, आणि जीमेलची लेबले, म्हणजे पत्रांच्या वर्गवारीच्या खुणा, पॉपने येत नाहीत.

खानापूर तालुका

आपण सांगितल्याप्रमाणे बदल केला. आता गूगलची खिडकी उघडते, परंतु पुढे सरकत नाही आणि कुकीज बंद असल्याचे सांगते.

शहापूर, बेळगाव

ती सूचना थंडरबर्डच्या कुकीजविषयी आहे, ब्राउझरच्या नव्हे. थंडरबर्डच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या भागात कुकीज स्वीकारण्याची परवानगी द्या आणि प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा.

जागा मोकळी करण्याविषयी मात्र जपून पावले टाका. आयमॅपने संगणकावर आलेली प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. सर्व्हरवरचे पत्र पुसले की पुढच्या जुळणीत तीही जाते. जपून ठेवायची पत्रे ‘लोकल फोल्डर्स’मध्ये, म्हणजे थंडरबर्डच्या फक्त संगणकावर राहणाऱ्या कप्प्यांत, न्यावी लागतात, आणि नेमकी तिथेच जीमेलची खोड आडवी येते. पत्र इनबॉक्समधून थेट ‘मूव्ह’ केले, तर जीमेल आपल्या मूळ सेटिंगप्रमाणे त्याचे फक्त इनबॉक्सचे लेबल काढते आणि पत्र ‘ऑल मेल’मध्ये तसेच राहते. संगणकावर पत्रे आली, इनबॉक्स रिकामा झाला, तरी जागा एका केबीनेही कमी झालेली नसते. म्हणून आधी ‘कॉपी’ करा, नेट बंद करून जोडपत्रांसह चार-दोन पत्रे उघडून पाहा, मग मूळ पत्रे थंडरबर्डमधूनच डिलीट करून जीमेलच्या ट्रॅशमध्ये पाठवा आणि ट्रॅश रिकामा करा. तसाच ठेवला तर तो ३० दिवसांनी आपोआप रिकामा होतो, परंतु तोपर्यंत जागा अडलेलीच राहते.

आयमॅपने दिवसाला सुमारे अडीच हजार एमबीच उतरवता येतात. सगळे वर्षानुवर्षांचे टपाल एका बैठकीत ओढायला गेलात तर गूगल काही काळ दार बंद करते, तेव्हा एकेक वर्ष घ्यावे. ‘लोकल फोल्डर्स’ची एक प्रत पेनड्राइव्हवरही ठेवावी, कारण डिस्क गेली तर ती पत्रे आता सर्व्हरवरही नसतील.

खानापूर तालुका

कुकीज सुरू करताच खाते जोडले गेले आणि पत्रे येऊ लागली. एक शेवटची शंका आहे. तालुक्याच्या ठिकाणाहून आलेली काही जुनी कन्नड पत्रे रोमन अक्षरे आणि त्यांवरच्या टिंबा-फाट्यांच्या रूपात दिसतात. त्यावर काही उपाय आहे का?

शहापूर, बेळगाव

ती बहुधा युनिकोडपूर्वीच्या (सर्व लिप्यांसाठीच्या आजच्या सामाईक संकेतांपूर्वीच्या) नुडी या कन्नड फाँटमध्ये टंकलेली असतील. आपल्या मराठी श्रीलिपीच्या पत्रांचेही असेच होते. जोडपत्र वर्डचे असेल तर तो फाँट संगणकावर बसवल्यावर ते नीट दिसेल. मजकूर थेट ईमेलमध्येच असेल तर तो कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावा लागेल. व्ह्यू मेनूमधील ‘रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग’चा इथे उपयोग होणार नाही, कारण संगणकाच्या लेखी ती अक्षरे खरोखरच रोमन आहेत.