लांबपंखी आणि आखूडपंखी : जात म्हणायचं की रूप?

धानावरच्या तपकिरी तुडतुड्यांबद्दल (धानाचा रस शोषणारी बारीक कीड) वाचताना लांबपंखी आणि आखूडपंखी असे दोन शब्द आले. आमच्या भंडाऱ्यात सगळ्यांना सरसकट तुडतुडेच म्हणतात. ह्या दोन वेगळ्या जाती आहेत का?

— जात नका म्हणू दादा, रूप म्हणा. एकाच मादीच्या अंड्यांतून दोन्ही निघू शकतात, पिल्लू कुठल्या वाटेनं जाणार ते गर्दी आणि खाणं ठरवतं. धान कोवळं आहे, रस भरपूर, बुंध्याशी जागा मोकळी, तर आखूडपंखी जास्त होतात, त्या माद्यांना उडता येत नाही पण अंडी लवकर आणि जास्त घालतात, आणि मग दाटी झाली, धान पिकायला लागलं की लांबपंखी निघतात ते थेट दुसरं शेत गाठायला. २०१५ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी दाखवलं की ह्यामागे इन्सुलिनचे दोन रिसेप्टर, म्हणजे पेशीवर इन्सुलिनचा निरोप पकडणारे रेणू, आहेत, पहिल्याचं चाललं तर पंख लांब, दुसऱ्यानं त्याला अडवलं तर आखूड. इन्सुलिन म्हटलं की आपल्याला फक्त शुगरच आठवते!

— माव्याचं, म्हणजे पिकाचा रस शोषणाऱ्या त्या बारीक किडीचं, पण असंच का? आम्ही पंखवाला मावा म्हणतो.

— ताई, पंखवाला एकदम बरोबर, पण तिथे आखूडपंखी हा शब्द नका वापरू, कारण माव्याला पंख असतात नाहीतर नसतातच. शेतातल्या माद्या नराशिवाय थेट पिल्लं देतात, आणि गर्दीत त्या एकमेकींना सारख्या धडकतात ना, त्या धक्क्यांनीच पुढच्या पोरी पंखवाल्या निघतात, म्हणजे बऱ्याच जातींत निकाल आईच्या पोटातच लागतो. झाडाचा रस कमी झाला तरी तेच. करडईचा मावा भिंगातून बघा, पंख फुटणार असलेल्या मोठ्या पिल्लाच्या खांद्यांवर दोन्ही बाजूंना पंखांचे कोंब स्पष्ट दिसतात. आणि ‘मावा पडला’ हे आपलं बोलणं मला फार आवडतं, शेतात पहिला येणारा मावा बहुतेक वेळा वरून उडत आलेला पंखवालाच असतो.

— मूळ प्रश्नावर एक राहिलं. प्रकाश सापळ्यात फक्त लांबपंखी येतात, आखूडपंखी उडणार कसे? त्यामुळे सापळा रिकामा म्हणजे तुडतुडे नाहीत असं धरू नका, चूड (धानाचा एकेक झुपका) बाजूला करून पाण्याच्या जरा वर बुंधा बघा, ते तिथेच बसलेले असतात.