अनुभव धागा: नाताळ आणि बाळाची पावलं, तुम्ही कशी जपलीत?

मागच्या नाताळात आमची धाकटी आठ महिन्यांची होती. मैदा-मिठाच्या गोळ्यावर तिचं उजवं पाऊल उमटवलं, मागच्या बाजूला काडीनं तारीख कोरली, लाल फीत ओवली आणि झाडाच्या वरच्या फांदीला बांधलं. मिडनाईट मासहून परत आल्यावर सासूबाई त्या पावलासमोर किती तरी वेळ उभ्या होत्या. जानेवारीत कापसात गुंडाळून कपाटात ठेवलं.

आमचं घर जांबोटीच्या अलीकडे. आमच्याकडचा पाऊस खानापूर तालुक्यातल्या माणसाला वेगळा सांगायला नको. ऑगस्टमध्ये पुडी उघडली तर कापूस ओला, आणि आत नुसता लगदा. अंगठा तेवढा ओळखू येत होता, बाकीची चार बोटं एकमेकांत विरघळून गेली होती. तिथंच बसून रडले. ती आता चालते. तळव्याचा तो गुबगुबीतपणा गेला, मधे खळगा दिसायला लागलाय. आता घेईन ते दुसरंच पाऊल असणार.

यंदा मात्र नीट करायचंय. तुम्ही कशावर घेतलीत पावलं, काय टिकलं, काय बिघडलं, सगळं लिहा. नाताळ साजरा करणाऱ्यांनीच लिहावं असं काही नाही.

कॅम्प, बेळगाव

ताई, वाचून पोटात कालवलं. चूक तुमची नाही, मिठाची आहे. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे वरून कडक दिसलं तरी आत ओल राहिली असेल तर पहिल्या पावसातच ते पाझरतं. माझ्याकडे तीन मुलांची मिळून सात पावलं आहेत, सगळ्यात जुनं 2013 चं. त्याच्या मागे 'बेळगाव' कोरलंय, पुढच्याच वर्षी गावाचं सरकारी नाव बेळगावी झालं, म्हणून मुलांना ते फार जुन्या काळातलं वाटतं!

माझं माप असं: दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, पाऊण वाटी पाणी, लागलंच तर चमचाचमचा वाढवायचं. मीठ जाडं असेल तर मिक्सरमधून काढा, नाही तर तळव्याच्या रेषांऐवजी खड्डेच उमटतात. दहा मिनिटं चांगलं मळायचं, पुरीच्या कणकेपेक्षा जरा घट्ट. बोटाच्या पेराएवढी नाही, त्याच्या निम्मी जाडी ठेवा. टाच आधी टेकवायची, मग तळव्यावरून आपला अंगठा फिरवत पुढे यायचं, आणि शेवटी एकेक बोट हलकेच दाबायचं. फितीसाठी भोक ओलं असतानाच स्ट्रॉनं पाडा.

ओव्हन 100 अंशांवर, तीन तास, दर तासाला उलटायचं. घाई करून 180 वर ठेवलं तर फुगे येतात आणि कडा तपकिरी होतात. माझं पहिलं तसंच गेलं. भाजून झाल्यावर आणखी दोन दिवस उघड्यावर, मग वॉर्निश. दोन्ही बाजूंना आणि भोकाच्या आतूनही. सगळे भोक विसरतात आणि ओल तिथूनच शिरते.

ओव्हन नसेल तर ओळखीच्या बेकरीत विचारा. माझ्या आईनं आमची तशीच भाजून घेतली होती. पाव निघाल्यावर भट्टी निवत येते, त्या वेळी ट्रे सरकवला की सकाळपर्यंत खडखडीत.

शहापूर

आम्ही नाताळवाले नाही, पण आमच्या वाड्यात समोरच्या खोल्यांत एक कोकणी बोलणारं ख्रिस्ती कुटुंब वीस वर्षं राहिलं. त्यांच्याकडून कुसवाराचं, म्हणजे नाताळच्या फराळाचं, ताट यायचं, आमच्याकडून दिवाळीचा फराळ जायचा. म्हणून लिहिते.

गोकुळाष्टमीला आम्ही उंबऱ्यापासून देवघरापर्यंत बाळकृष्णाची पावलं काढतो. तांदळाच्या पिठाची पातळ पेस्ट, तीत मुठीची करंगळीकडची बाजू बुडवायची आणि फरशीवर टेकवायची, की तळवा तयार. मग बोटाच्या टोकानं पाच ठिपके. खरं बाळ लागत नाही. माझा मुलगा दहा महिन्यांचा असताना समोरच्या काकू ते बघायला आल्या आणि म्हणाल्या, "घरात खरा कृष्ण रांगतोय, त्याचंच उमटवा की." आणि त्यांनी डिसेंबरात ते स्वतः करून दाखवलं. पांढऱ्या कार्डशीटवर हिरव्या रंगानं त्याची पावलं, बोटं खाली आणि टाच वर. खालच्या ओळीत तीन, मग दोन, मग एक. झालं नाताळचं झाड! बोटांचे ठसे फांद्यांच्या टोकांसारखे दिसत होते. वर पिवळा तारा, खाली त्याचं नाव देवनागरीत आणि त्यांच्या हातानं रोमी, म्हणजे रोमन लिपीतही.

काकू आता गोव्याला असतात. ते कार्ड मी काचेच्या फ्रेममध्ये लावलंय, देवघराच्या भिंतीवर. कागदाला ओलीची भीती कमी, ताई, फक्त फ्रेम बाहेरच्या भिंतीवर नको.

खानापूर

आमच्या गावात माती काय कमी आहे! खादी-ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्था इथंच आहे, घरात दोघं त्या कामातले. माझ्या पुतणीचं पाऊल मी चिकणमातीवर घेतलं. माती दोनदा चाळलेली, खडा नको, नाही तर तळव्याला टोचतो. सावलीत आठ दिवस वाळवली, वर ओलसर फडकं टाकून, कारण कडा आधी सुकल्या की मधे तडा जातो. मग भट्टीत.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. माती वाळताना आणि भाजताना आकसते, साधारण दहा टक्के धरा. पाऊल साडेआठ सेंटीमीटरचं होतं, बाहेर आलं ते पावणेआठच्या आसपास. वहिनीनं हातात घेतलं आणि म्हणाली, "अगं बाई, ही तर जन्मली तेव्हाएवढी झाली." आम्हाला ते आवडलं. पण नेमकं माप जपायचं असेल तर माती नको.

भाजलेली माती पावसाला भीत नाही. पडली तर मात्र फुटते.

जांबोटी (धागा मांडणारी)

खानापूरच्या दादा, सुकी माती न भाजता ठेवली तर चालेल का? भट्टीची सोय आमच्याजवळ नाही.

खानापूर

नको ताई. कच्ची माती पाण्यात परत मातीच होते. मला निरोप द्या, पुढच्या खेपेत तुमचं लावतो.

चिकोडी

हे वाचणाऱ्या सगळ्या आईबापांसाठी. प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बाळाचा पाय थेट घालू नका. घट्ट होताना ते तापतं, चांगलंच भाजण्याइतकं, आणि आवळूनही धरतं. मला एका दुकानात सांगितलं होतं की "काही होत नाही, बुडवा". घरी आधी माझ्या बोटावर थोडं घेतलं म्हणून कळलं. अजून अंगावर काटा येतो.

बरोबर पद्धत अशी: पाय मऊ मातीत किंवा कणकेत दाबायचा, पाय काढून घ्यायचा, आणि मग त्या खळग्यात प्लास्टर ओतायचं. मग उठावदार पाऊल मिळतं, नखंसुद्धा दिसतात.

टिळकवाडी

खालच्या फांद्यांना बांधू नका. आमच्या कुत्र्यानं दोन पावलं खाल्ली. एवढं मीठ कुत्र्याला विषासारखं असतं. उलट्या, तहान, पाय लटपटत होते. वेळेवर सलाईन मिळालं म्हणून वाचला. रांगणाऱ्या मुलांच्याही हाताला लागू देऊ नका.

निपाणी

बालवाडीत पंचवीस मुलं, सगळी तीन-चार वर्षांची. दरवर्षी पायाचा सांताक्लॉज करतो. टाचेला लाल रंग म्हणजे टोपी, मधला पट्टा त्वचेच्या रंगाचा म्हणजे चेहरा, आणि बोटांना पांढरा म्हणजे दाढी. कागद गडद निळा घ्यायचा, नाही तर दाढी दिसत नाही. रंग पाण्यानं जाणारा, मुलांसाठीचाच. अळता, कुंकू, ऑइल पेंट काही नको, लहान कातडीला चुरचुरतं. पायाखाली जाड स्पंज लावून रंग दिला तर सगळीकडे सारखा बसतो.

गेल्या वर्षी एका मुलानं पाय द्यायला साफ नकार दिला. गुदगुल्या होतात म्हणून रडला. मी त्याला हाताचा ठसा घेऊ दिला. घरी नेल्यावर आई म्हणाली, पायाचाच हवा होता. मला वाटतं मुलाचं ऐकायला हवं होतं आणि ऐकलं ते बरं झालं.

बेळगाव

लिहू की नको असं करत चार दिवस वाचतेय.

माझा मुलगा बत्तिसाव्या आठवड्यात झाला, डिसेंबरच्या सुरुवातीला. काचेच्या पेटीत होता, मला हात लावायची परवानगी दिवसातून थोडा वेळ. चोवीस तारखेच्या रात्री ड्युटीवरच्या सिस्टरनी त्याच्या पायाचा शाईचा ठसा एका कार्डावर घेतला, बाजूला लहानशी घंटा काढली आणि पहाटे माझ्या उशीशी आणून ठेवला. माझ्या करंगळीएवढं पाऊल. दोन्ही कडांना पेटीतल्या तारेची चिकटपट्टी होती, तिची रेघसुद्धा उमटलीय.

तो नाताळ मी त्या कार्डाकडे बघून काढला. मुलगा आता सहा वर्षांचा आहे, अनगोळला क्रिकेट खेळतो. दरवर्षी झाड लावताना पहिल्यांदा ते कार्ड तो स्वतः बांधतो आणि आपला पाय त्याच्याशेजारी धरून बघतो.

नंदगड

ताई, तुमच्या मुलाला आजीचा आशीर्वाद. माझी नात कुवेतला आहे. मुलीनं तिचं पाऊल कागदावर घेऊन पाठवलं होतं, मी ते कापडावर ठेवून पेन्सिलनं गिरवलं आणि लाल रेशमानं साखळीटाका घातला. गोठ्यातल्या येशूबाळाखाली अंथरते. धुतलं तरी जात नाही बघा, पावसाळ्याचंही भय नाही.

जांबोटी (धागा मांडणारी)

सगळं वहीत उतरवून घेतलं. आजी, साखळीटाका मला येतो, सासूबाईंना तर फारच छान येतो.

आज दुपारी धाकटी झोपली तेव्हा घेतलं पाऊल. दोन घेतली, एक मैद्याचं, एक मातीवर. मैद्याचं आता ओव्हनमध्ये आहे, दोनदा उलटून झालं. मातीचं ओल्या फडक्याखाली आहे, खानापूरच्या दादांना पुढच्या शुक्रवारी आणून देते. आणि तो ऑगस्टमधला लगदा मी टाकला नव्हता. काल वाळवून बघितला. अंगठ्याचा ठसा तेवढा अजून आहे. त्यालाही वॉर्निश लावलंय, दोन्ही बाजूंनी.