मदत हवी आहे: गाडी चालवायची आवड असणाऱ्याने इलेक्ट्रिक घ्यावी का?

मंडळी, नमस्कार. माझी मॅन्युअल पेट्रोल गाडी आता बदलायला झाली आहे. घरच्यांचं मत इलेक्ट्रिक घ्यावी असं आहे. मला मात्र गिअर टाकत घाट चढायला मनापासून आवडतं, म्हणून निर्णय होत नाहीये.

मित्राची इलेक्ट्रिक गाडी ताम्हिणी घाटात चालवून पाहिली. उताराला पाय उचलला की गाडी आपोआप आवरते आणि बॅटरीही थोडी भरते, ब्रेक फारसा लागतच नाही. हे फार आवडलं. पण वळणावर बॅटरीचं वजन जाणवलं, आणि इंजिनचा आवाज नसल्यामुळे वेगाचा अंदाज येईना.

महागड्या सुपरकारवाल्यांचंही असंच काहीसं दिसतं. क्रोएशियाच्या माटे रिमाट्स या उद्योजकाने चार मोटरची, 1914 अश्वशक्तीची नेवेरा ही पूर्ण इलेक्ट्रिक सुपरकार बनवली. त्याच माणसाच्या हाताखाली 2024 मध्ये बुगाटीची तूरबियाँ आली, तिच्यात मात्र 8.3 लिटरचं, 16 सिलिंडरचं (व्ही-16) पेट्रोल इंजिन आहे! इलेक्ट्रिक मोटर जोडीला आहेत, पण इंजिन काढलेलं नाही. माझ्या मते हे फक्त श्रीमंतांचे लाड नाहीत. चालवण्याची मजा निव्वळ पिकअपमध्ये नसते.

ज्यांनी मॅन्युअल सोडून इलेक्ट्रिक घेतली, त्यांनी कृपया सांगा: वर्षभरानंतरही चालवायला मजा येते का? घाटात वजनाची सवय होते का? टायर लवकर झिजतात का? आणि कुणी परदेशात ह्युंदाईची इलेक्ट्रिक आयोनिक 5 एन चालवली असेल, तर तिचे खोटे गिअर (गिअर बदलल्याचा नुसता भास देणारे) खरे वाटतात का, तेही जरूर लिहा. महिनाअखेर बुकिंग करायचं आहे.