उत्तर: निधनाच्या खोट्या बातम्या

नामवंतांच्या निधनाची खोटी बातमी पसरली की 'चॅनेलवाले मुद्दाम खोटी बातमी उडवतात' असं म्हटलं जातं, ते मत मला पटत नाही. खोट असते ती पद्धतीत. नामवंतांचे श्रद्धांजलीचे लेख आधीच लिहून तयार असतात, फक्त तारीख-वेळ भरायची राहते. मग एखादा सहकलाकार ऐकीव माहितीवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहितो, ती पोस्टच दुजोरा मानली जाते आणि पहिल्या पोर्टलवरून बाकीचे उचलतात. अभिनेते विक्रम गोखले यांच्या बाबतीत नोव्हेंबर २०२२ मध्ये असंच काहीसं झालं. ते पुण्यात व्हेंटिलेटरवर असताना २३ तारखेच्या रात्री निधनाची बातमी फिरली, कुटुंबीयांना ती नाकारावी लागली. प्रत्यक्ष निधन २६ तारखेला झालं. उशाशी बसलेल्या माणसांना सांत्वनाचे फोन घ्यावे लागणं फार क्रूर आहे.

म्हणून अशी बातमी आली की मथळा सोडून पहिले दोन परिच्छेद वाचा. रुग्णालयाचं निवेदन किंवा घरच्या माणसाचं नाव घेऊन दिलेली माहिती आहे का, ते बघा. नुसतं 'सूत्रांनुसार' असेल तर थांबा. दहा संकेतस्थळांवर तीच वाक्यं दिसली तरी ते दहा दुजोरे नव्हेत, मूळ एकच असतं. आणि स्क्रीनशॉट पुढे पाठवू नका, लिंक पाठवा. बातमी दुरुस्त झाली तरी स्क्रीनशॉट तसाच फिरत राहतो.